विरघळणारी गोळी

हेडली पर्डी दुकानात आला तो
जुनं जाकीट काखोटीला मारून,
आजारी कोंबडं आणावं तसं.
‘बदलून दे,’ म्हणाला. ‘नवंकोरं आहे.
एकदाही वापरलं नाही.’

चौदा वर्षं ते त्याच्या केबिनमध्ये खिळ्याला होतं,
डिझेलच्या वासात, कॉडच्या खवल्यांत,
आणि चौदा वर्षं तो मेल्विनाला सांगत आला :
आहे की बोटीवर. आहे.

मी वेलक्रो उघडलं. फर्रर्र.
आतली पिवळी पिशवी घडीला घडी चिकटून
माळ्यावरच्या छत्रीसारखी.
गॅसची नळकांडी पिळून काढली :
आट्यांवर गंज, काट्यावर हलकी,
कुठल्याशा हिवाळ्यात गुपचूप रिकामी झालेली.
गोळी तर जागेवर नव्हतीच.
दमट हवेनं खाल्ली असेल,
मग एखाद्या रात्री स्प्रिंग सुटली असेल,
सुई पोकळ लोखंडावर आपटली असेल,
टक्.
बंदरात कुणाला ऐकू जाणार?

हेडली बराच वेळ त्या नळकांडीकडे बघत राहिला.
‘म्हणजे परवाच्या वादळात...’
‘हो.’
‘आणि त्या धुक्यात, जेव्हा इंजिन...’
‘तेव्हाही.’

मग त्याला स्टुलावर बसवून विचारलं,
अंगात काय घालतोस? लोकर, वर ऑइलस्किन, वर मांडीपर्यंत बूट?
एकटाच जातोस?
पोहता येतं?
यावर तो हसला.
न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर
जूनमध्येही हिमनग दारात येऊन उभे राहतात,
शिकायला पाण्यात उतरणार कोण?
त्याचा बाप म्हणायचा, पोहणारा बुडतोच,
फक्त वेळ लावतो.

‘साधं दे, दोरी ओढायचं. स्वस्तातलं.’
‘आणि ओढणार कोण?’
त्यानं उजवा हात वर केला.
दोन बोटं पेरापाशी संपलेली, कप्पीनं नेलेली.
मी म्हटलं, हेडली, त्या पाण्यात
पहिला श्वाससुद्धा तुझा नसतो,
हाताचं काय घेऊन बसलास?
डोकं काठावर आपटलं तर
दोरी छातीवर नुसती लोंबत राहील, टायसारखी.

‘आपोआपवालं पावसात फुगतं म्हणे.
अख्खं बंदर हसेल.’
‘हसू दे.’

दोनशे पंचाहत्तर न्यूटनचं काढलं,
त्याच्या जाडजूड कपड्यांसकट त्याला उताणं करील असं.
मांड्यांमधून घ्यायचा पट्टा दाखवला
तेव्हा त्यानं आधी दाराकडे पाहिलं,
मिसेस ब्लॅकमोर तर येत नाही ना.
हा नसला, मी म्हटलं, तर जाकीट वर तरंगेल
आणि तू खालून निसटशील.
पट्टा त्यानं बांधला. कान लाल.

किंमत दोनदा विचारली.
दुसऱ्यांदाही तीच होती.

शेवटी नवी गोळी त्याच्या तळव्यावर ठेवली,
पांढरी, डोकेदुखीवर घेतात तेवढी.
‘एवढ्याशीवर?’
‘एवढ्याशीवर.’
त्यानं मूठ मिटली नाही. हात घामेजला होता
आणि हे त्याच्या लक्षात आलं होतं.

काचेतून पाहिलं :
ट्रकपाशी जाऊन जाकीट उतरवलं,
शेजारच्या सीटवर बसवलं,
आणि वरून सीटबेल्ट लावला.

ऑक्टोबरात पुन्हा आला.
नवी गोळी हवी होती, नवी नळकांडी.
‘कशानं उडालं?’
‘पावसानं,’ म्हणाला हेडली,
आणि आकड्यांची पेटी उगाच खालीवर करू लागला.
कपाळावर टाके होते, सात-आठ, ताजे.

‘हो, पाऊस झाला खरा या आठवड्यात,’ मी म्हटलं,
आणि जाकीट मागच्या मोरीवर नेऊन
गोड्या पाण्यात तीनदा खळबळलं.
पट्ट्यांच्या शिवणीतून मीठ निघत होतं, निघतच होतं.